सुहास, फ्लॅश घेण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं, सईचे फोटोही बघितले. पोरगी धरून धरून चालायला लागली, फार बरं वाटलं. पण फोटोत तिचं कपाळ पांढरंफटक, डोळे लाल आणि मागे भिंतीवर काळी सावली. यात तुझा हात कुठे चुकलेला नाही. कॅमेऱ्यातला फ्लॅश लेन्सला इतका चिकटून असतो की त्याचा उजेड डोळ्यात शिरून आतल्या पडद्यावरून थेट लेन्सकडेच परत येतो. बाहेरचा फ्लॅश घ्यायचं तू मनावर घेतलंस ते उत्तम केलंस.

तू विचारतोस, गाइड नंबर ६० चा घेऊ की ३६ चा? गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, पण नुसत्या त्यावर जाऊ नकोस. गाइड नंबरला अ‍ॅपर्चरच्या म्हणजे लेन्सच्या छिद्राच्या आकड्याने भागलं की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० ला उजेड किती मीटर पोचेल ते कळतं. म्हणजे ४० चा फ्लॅश एफ/४ ला १० मीटरपर्यंत. पण बरेचदा हा आकडा फ्लॅशचा झूम पार टोकाला, १०५ किंवा २०० मिमीला नेऊन मोजलेला असतो. अरुंद झोत लांब जाणारच. ६० चा फ्लॅश ३५ मिमीला आणलास की चाळिशीच्या आत येऊ शकतो. तुझा ६० आणि ३६ कदाचित एकाच ताकदीचे असतील! दोन्ही आकडे कोणत्या झूमला मोजलेत ते आधी बघ.

माझा हट्ट एकाच गोष्टीसाठी आहे. फ्लॅशचं डोकं वर उचलता आलं पाहिजे आणि दोन्ही बाजूंना वळलंही पाहिजे. एका रात्री बाबा खुर्चीत पेपर वाचत बसले होते. पहिला फोटो सरळ फ्लॅश मारून काढला, तो तुझ्या सईच्या फोटोसारखाच आला. मग डोकं वर, जरा मागे वळवलं आणि तिथूनच दुसरा काढला. छत पांढरं होतं, ते अख्खं छतच दिवा झालं. गालावरच्या सुरकुत्या, चष्म्याच्या काडीची कानाजवळची बारीक सावली, पेपरच्या घडीची कड, सगळं जसं डोळ्यांना दिसत होतं तसं आलं. तो फोटो मी अजून जपून ठेवलाय. नुसतं वर उचललं जाणारं डोकं पुरत नाही. कॅमेरा उभा धरलास की ते छताऐवजी बाजूच्या भिंतीकडे तोंड करतं, आणि भिंत हिरवी असली की चेहराही हिरवट येतो. छतावरून फिरून येताना बराच उजेड वाया जातो, दोन स्टॉप सहज, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. ताकद लागते ती इथे. तरी आयएसओ ८०० वर नेलास की मधल्या ताकदीचा फ्लॅशही घरात भागवतो. शिवाय पोरीच्या डोळ्यांवर जवळून थेट झोत पडत नाही.

आता सेल. माझा भाचा पहिल्यांदा हात सोडून माझ्याकडे आला तेव्हा पहिल्या पावलाचा फोटो मिळाला. पुढच्या तीन पावलांना मी बटण दाबत राहिलो आणि फ्लॅश आतल्या आत कुईं करत भरत राहिला. तिन्ही फोटो काळे. साधे अल्कलाइन सेल होते, तेही अर्धे वापरलेले. सेल उतरत गेले की फ्लॅश भरायला वेळ लागत जातो. म्हणून चांगले रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घे, चार फ्लॅशमध्ये आणि चार खिशात. लिथियम बॅटरीचा फ्लॅश परवडत असेल तर आणखी छान, तो फार लवकर भरतो.

हाय स्पीड सिंकची (फार वेगवान शटरलाही फ्लॅश मारायची सोय) तुला सध्या गरज नाही, ते उन्हात उघड्या अ‍ॅपर्चरने फोटो काढताना लागतं. टीटीएल, म्हणजे लेन्समधून येणारा उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरणं, मात्र हवंच. सई कधी दोन हातांवर असेल, कधी खोलीच्या टोकाला, दर वेळी ताकद हाताने बदलत बसायला सवड मिळणार नाही. पण कॅननचं टीटीएल निकॉनवर चालत नाही, सोनीच्या शूची (फ्लॅश बसवायच्या खाचेची) तर रचनाच निराळी. दुसऱ्या कंपनीचा घेतलास तरी तुझ्याच कॅमेऱ्यासाठी बनवलेला प्रकार माग.

आणि काकांचा तो फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश कृपा करून लावू नकोस. अशा काही फ्लॅशच्या कॅमेऱ्याला टेकणाऱ्या टोकाशी २०० व्होल्टच्या वर दाब असतो. काही डिजिटल कॅमेऱ्यांची मर्यादा अवघी ६ व्होल्टची असते, आतलं सर्किट जळू शकतं.

कॅमेऱ्याचं मॉडेल तू लिहिलंच नाहीस. तेवढं आजच कळव, म्हणजे कोणता बसेल ते लगेच सांगतो. सईने हात सोडायच्या आत फ्लॅश घरी यायला हवा.

तुझा,
मिलिंद