टर्बोवरचा पत्रा परत बसवण्याबाबत, चौथ्यांदा

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: वर्कशॉपने काढून टाकलेली हीट शील्ड (टर्बोची धग अडवणारा पत्रा) आणि त्यामुळे झालेलं नुकसान

अर्ध्या तासापूर्वी तुमच्या हेल्पलाइनवर चौथा फोन झाला. वीस मिनिटं संगीत ऐकवून झाल्यावर बाईंनी सांगितलं, "सिस्टिममध्ये तुमची तक्रार सोडवलेली दिसतेय." कोणी सोडवली, कधी सोडवली, हे सिस्टिमला माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र.

पेट्रोल टर्बो इंजिनात टर्बाइनपाशी, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोच्या चाकापाशी, येणारा वायू नऊशे अंशांच्या वर जाऊ शकतो हे तुम्हाला मी शिकवायला नको. गाडी तुमची, टर्बो तुमचा, त्यावरचा पत्राही तुम्हीच नेमलेला. मग मागच्या सर्व्हिसला तो काढून ठेवताना कोणालाच काही वाटलं नाही?

झालं असं. मी तक्रार लिहून दिली होती की थंड इंजिन सुरू केलं की पुढून पत्रा वाजल्यासारखी खडखड येते. जॉब कार्डावर शेरा आला, "आवाज बंद. ओके." आवाज खरंच बंद झाला. पत्र्याचा एक कान तुटला होता, म्हणून त्यांनी पत्राच काढून टाकला. दात दुखतो म्हणून जबडा काढावा, तसं. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही.

सहा महिन्यांनी गाडी उभी केली की रबर करपल्याचा वास येऊ लागला. चालत्या गाडीत निदान वारा तरी असतो. इंजिन बंद झालं की ती सगळी धग बॉनेटखाली कोंडते. एका संध्याकाळी टॉर्च घेऊन वाकलो. टर्बोच्या बाजूने जाणाऱ्या वायरिंगवरची काळी नळी बोटाने जरा दाबली, तर तिचे कपचे तळहातावर आले. आतल्या वायरचं आवरणही ताठ झालेलं. शेजारचा कूलंटचा होज एका बाजूने फुगलेला आणि बोल्टची दोन भोकं रिकामी.

फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. सल्लागारांनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"सर, टर्बो गाडी आहे. गरम होणारच."

म्हटलं, होणारच, म्हणून तर पत्रा असतो.

"सगळ्या गाड्यांना नसतो."

म्हटलं, माझ्या गाडीला होता, ही बघा भोकं. ते वाकले, बघितलं, सरळ झाले. "त्याचं तसं काही काम नसतं सर. शोसाठी असतो."

शोसाठी! इंजिनाच्या मागच्या अंगाला, मान वाकडी केल्याशिवाय नजर पोचत नाही अशा जागी! मी गप्प बसलो हे पाहून त्यांना वाटलं असावं की पटलं. मग आवाज खाली आणून, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "पण सर, तुम्ही बॉनेट उघडताच कशाला?" शेजारी स्पॅनर घेऊन उभा असलेला मुलगा हसला. त्याच्यावर माझा राग नाही. बॉनेटचा खटका ड्रायव्हरच्या पायाशी तुम्हीच दिलाय, तो काय शोसाठी आहे?

निघताना दोन सल्ले मिळाले. गाडी सावलीत लावा, आणि जोरात चालवून आल्यावर लगेच बंद करू नका. दुसरा सल्ला योग्यच आहे. तेलाचा प्रवाह थांबला की तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल करपून कार्बन धरतो, म्हणून मी पहिल्या दिवसापासून तो पाळतो. पण त्याने पत्रा उगवत नाही.

एक गोष्ट परत लिहितो, कारण फोनवर चारही वेळा ती कोणी टिपून घेतली नाही: पत्रा मी काढलेला नाही, तुमच्या वर्कशॉपने काढला. आता ट्रॅफिकमध्ये इंजिनात जाणारी हवाही आधीपेक्षा गरम असते, गाडीला जोडायच्या माझ्या स्कॅनरवर आकडा दिसतो. हवा तापली की इसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, ओढ कमी होते, आणि टायमिंग मागे गेल्याने एक्झॉस्ट आणखी तापतो. हे चक्र तुमच्या इंजिनिअरांना ठाऊक असेल. काउंटरवरच्यांपर्यंत बहुधा पोचलेलं नाही.

शेवटी बाहेरून टर्बो ब्लँकेट (टर्बोवर गुंडाळायचं, धग अडवणारं आवरण) बसवून घेतो असं कळवलं, तर उत्तर आलं, "बाहेरचा भाग बसवल्यास वॉरंटी बाद होईल." म्हणजे स्वतःचा पत्रा तुम्ही देणार नाही, दुसऱ्याचा मी लावायचा नाही. मग वायरिंगवर पुठ्ठ्याने वारा घालत बसू का?

मला नवी हीट शील्ड तिच्या बोल्टसह, तो होज आणि वायरिंगचा तेवढा भाग बदलून हवा, विनामूल्य, आणि जॉब कार्डावर खरं कारण लिहून. पंधरा दिवसांत झालं नाही तर पुढचं पत्र वकिलाचं असेल. मागची गाडीही तुमचीच होती, अकरा वर्षं वापरली, म्हणून ही घेतली. पुढच्या वेळी ती चूक होणार नाही.

आपला,
एक (तापलेला) ग्राहक

ता.क. हे पत्रही "सोडवलेली तक्रार" म्हणून बंद करणार असाल, तर निदान त्याआधी जुना पत्रा कुठल्या कोपऱ्यात पडलाय ते बघा. ओळखायला सोपा आहे, एक कान तुटलेला आहे.