‘क्षार’ या शब्दाचा घोळ सोडवून देणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही यायला नको, ही आपली अट मी या पत्रातही पाळते आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आठवडाभर संगणक सांभाळून सुट्टीच्या दिवशी चोर्ल्याकडे जाणाऱ्या बसने जांबोटीला उतरणारे, पाठीवरच्या पिशवीवर प्लास्टिक गुंडाळलेले गृहस्थ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते नाव सांगण्याची गरजही नाही. ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांना आपण नेमके काय केलेत हे कळावे, म्हणून हे आभारपत्र उघडपणे लिहिते आहे.

आमच्या मुलांची अडचण सीमाभागाबाहेरच्या वाचकांना चटकन लक्षात येत नाही. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून, भाषा म्हणून कन्नड आणि इंग्रजी, आणि पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, विज्ञान घेतले की पहिल्याच दिवसापासून सगळे इंग्रजीतून. दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी खानापूरच्या वर्गात गप्प बसते, कारण तिला येत असलेली गोष्ट फळ्यावर वेगळ्या नावाने आलेली असते. त्यातच परिभाषेचा आणखी एक पेच आहे. मराठी विज्ञानात ‘सॉल्ट’ला आपण क्षार म्हणतो, कन्नडमध्ये क्षार म्हणजे ‘अल्कली’, आणि ‘सॉल्ट’ला लवण. ‘बेस’ला आपण आम्लारी म्हणतो, त्याला कन्नडमध्ये प्रत्याम्ल. आम्ल तेवढे दोन्हीकडे आम्लच. बाजारात, बसमध्ये, शेजारी कन्नड ऐकणाऱ्या आणि शिकवणीच्या वर्गात कन्नड माध्यमाच्या मुलांशेजारी बसणाऱ्या आमच्या मुलांचा या एका शब्दावर किती वेळा घोटाळा झाला असेल, याचा मी पंधरा वर्षांत कधी हिशेब केला नव्हता. तो आपण पहिल्याच भेटीत, वह्या चाळताना ओळखलात.

आमच्याकडे साधने अजिबात नव्हती, असे मात्र नाही. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलने टिपला की धड्याचे साहित्य उघडणारे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ पासून देशभर आहे आणि आमच्या बहुतेक शिक्षकांच्या फोनमध्येही ते होते. परंतु कणकुंबीच्या बाजूला जुलैत पाऊस धरला की वीज जाते, पाठोपाठ टॉवर बंद पडतो, आणि वर्गात कोड टिपून आम्ही पडद्यावरचे गोल फिरणारे चक्र पाहत बसतो. हे साहित्य आधी उतरवून ठेवता येते, ही साधी गोष्टही आम्हाला आपणच दाखविलीत. एका संस्थेने दिलेला मोठा पडदा तर कपाटातच होता. तो कसा वापरायचा हे सांगायला कोणी आलेच नव्हते.

आपण आणलीत ती पत्त्यांच्या डबीएवढी एक वस्तू. मुले अजूनही तिला ‘सरांची डबी’ म्हणतात. मूडल हे अभ्यासक्रम आणि चाचण्या चालविण्याचे सॉफ्टवेअर. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर त्याचेच मूडलबॉक्स हे रूप बसविलेली ती डबी इन्व्हर्टरला जोडली की वर्गापुरते स्वतःचे वायफाय तयार करते, आणि इंटरनेट नसतानाही मुलांच्या मोबाईलवर मूडलचा संपूर्ण अभ्यासक्रम उघडतो. मूडलची पहिली आवृत्ती २० ऑगस्ट २००२ रोजी आली आणि ते घडविणारे मार्टिन डूगियामस हे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात रेडिओवर भरणाऱ्या शाळेत शिकले, ही हकीकत आपण पहिल्या दिवशी सांगितलीत, तेव्हा मागच्या बाकावरून ‘म्हणजे त्यांच्याकडे पण रेंज नव्हती’ असा शेरा आला होता. नंतर तासभर मी जे शिकविले, त्यापेक्षा तो शेरा मुलांच्या अधिक लक्षात राहिला, हे मान्य करायला हवे.

पण माझे खरे आभार त्या डबीतल्या एका साधनासाठी आहेत, ते म्हणजे शब्दसंग्रह. मूडलमध्ये शब्दसंग्रहात एखादी नोंद केली आणि तिच्यासाठी दुवा जोडण्याची सोय चालू केली, की त्या अभ्यासक्रमातल्या कोणत्याही मजकुरात तो शब्द आला तर तो आपोआप वेगळ्या रंगात दिसतो आणि त्यावर बोट ठेवले की नोंद उघडते. आपण प्रत्येक नोंदीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन रकाने ठेवलेत. कन्नडचा रकाना आमच्या कन्नडच्या सरांनी भरला, आणि त्या निमित्ताने आम्ही दोघे स्टाफरूममध्ये जितके बोललो, तितके त्याआधीच्या पाच वर्षांत बोललो नव्हतो.

ही सोय इंग्रजीसाठी सरळ आहे. मराठीत ती तशीच चालत नाही, हे आम्हाला आपल्या चिकाटीमुळे कळले. पहिल्या प्रयोगात विजेच्या धड्यातली ‘रोध’ (रेझिस्टन्स) ही नोंद केली, तर ‘विरोध’ आणि ‘अवरोध’ या शब्दांची शेपटेसुद्धा निळी होऊन बसली. केवळ पूर्ण शब्द जुळवण्याचा पर्याय निवडला, तर ‘रोधाचे’, ‘रोधामुळे’, ‘रोधांची’ ही रूपे सुटू लागली, कारण आपली भाषा विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटवूनच लिहिते. तेव्हा आपण नोंदीखालच्या पर्यायी शब्दांच्या चौकटीत एकेक रूप एकेका ओळीवर लिहून काढलेत. ‘क्षार’ या एका शब्दासाठी अशी अकरा रूपे आहेत, ती मी मोजली. व्याकरण शिकवताना मी सामान्यरूपाचा इतका मनापासून विचार कधी केला नव्हता.

असाच प्रसंग चाचणीच्या वेळी घडला. एका मुलीने बॉक्साइटपासून मिळणाऱ्या धातूचे नाव ‘ॲल्युमिनियम’ असे बरोबर लिहिले, तरी मूडलने तिला शून्य दिले. पडद्यावर तिचे उत्तर आणि माझे उत्तर अक्षर न अक्षर सारखे होते आणि ती रडवेली झाली होती. रात्री फोनवर आपण खुलासा केलात, की ‘ॲ’ हे अक्षर एका कळफलकावर सबंध एकाच चिन्हाने उमटते, तर दुसऱ्यावर ‘अ’ आणि वरचा चंद्र अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन निरनिराळे शब्द. दुसऱ्या दिवशी दोन्ही रूपे बरोबर उत्तरांत घातली आणि तिचा गुण तिला परत दिला. मराठीत प्रश्नपेढी करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी, म्हणून ती येथे सविस्तर लिहिली.

गणिती प्रश्नांचा प्रकार मला सर्वांत आवडला. विभवांतर आणि रोध यांच्या जागी महिरपी कंसातली अक्षरे लिहायची, उत्तराचे सूत्र द्यायचे, किती फरक चालेल ते ठरवायचे. मग प्रत्येक मुलाला त्याच प्रश्नात वेगळे आकडे येतात. पूर्वी पहिल्या बाकावरचे ‘दोन अँपिअर’ हे उत्तर दहा मिनिटांत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत असे. आता पोहोचून उपयोग नाही, म्हणून मुले एकमेकांना ‘तू भागलास की गुणलास?’ असे विचारतात, आणि त्या कुजबुजीला मी मुद्दाम थांबवत नाही.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातली आभासी प्रयोगशाळाही आपण उतरवून दिलीत. त्यात परिपथात रोध न ठेवता तार थेट जोडली की बॅटरीला आग लागलेली दिसते. शाळेत खरी बॅटरी अशी जाळण्याची परवानगी मी कधीच दिली नसती. तेथे मात्र प्रत्येकाने एकदा तरी ती जाळली. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधले दहा-दहा मिनिटांचे पाठ माझ्यासाठी होते, हे मी आता कबूल करते. पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजी आणि समजावणारा आवाज मराठी, त्यामुळे लिबरऑफिसमध्ये गुणपत्रक करायला मी कोणाला न विचारता शिकले.

आपल्या एका हट्टाचा मला सुरुवातीला रागही आला होता. ‘बाई, बटण मी दाबणार नाही, आपण दाबा,’ असे म्हणून आपण हात मागे बांधून उभे राहत होतात. मी दोनदा अख्खा धडा पुसून टाकला, तरी आपण पुढे आला नाहीत. फक्त बॅकअपची फाइल कोठे आहे ते सांगितलेत. तीच फाइल आता शेजारच्या दोन शाळांनी स्वतःकडे उतरवून घेतली आहे, आणि ती त्यांच्या संगणकावर कशी बसवायची हे त्यांना मी जाऊन दाखविले.

गेल्या वर्षी दहावी झालेल्या दोघी मुली यंदा खानापूरला पीयूसीत आहेत. पहिल्या महिन्यातच त्या शाळेत आल्या आणि शब्दसंग्रह मोबाईलवर घालून द्या म्हणाल्या. मी तो दिला, पण अट घातली, की वर्गात अडलेला प्रत्येक नवा शब्द त्यांनी स्वतः नोंदवायचा. मुलांची नोंद शिक्षकाने मान्य केल्याशिवाय दिसत नाही, ही व्यवस्था आपणच लावून दिली आहे. आज सकाळी माझ्याकडे तपासणीसाठी सतरा नोंदी थांबल्या आहेत. त्यांपैकी तीन ठिकाणी कन्नडचे सर आणि मी यांच्यात अजून एकमत व्हायचे आहे.

आपली काळी छत्री प्रयोगशाळेच्या खिडकीत आहे. पाऊस संपण्यापूर्वी ती न्यायला यावे, ही विनंती.

आपली नम्र,
विज्ञान शिक्षिका,
मराठी माध्यमाचे हायस्कूल,
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव