ट्रेलरच्या खिडक्या आणि आपली मागची खोली

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर आवाज सारखा तुटत होता आणि बाबांचा प्रश्न अर्धाच राहिला, की गाडीमागे ओढायच्या आमच्या ट्रेलरच्या खिडक्या गळतात म्हणून एवढ्या सगळ्या काढायच्या कशाला, बाहेरून फटींत सिलिकॉन मारून टाका की. म्हणून निवांत लिहायला बसलेय.

बाबा, सिलिकॉन आधीच्या मालकाने मारलंच होतं, तेच खरवडून काढण्यात आमचा जास्त वेळ गेला. ते एकदा लागलं की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, कणभर जरी राहिलं तरी नवीन सील तिथूनच सुटतं. त्यात त्याने खिडकीच्या खालच्या पट्टीतली बारीक भोकंसुद्धा बुजवून टाकलेली. सरकत्या काचेच्या खाचेत पाणी येणारच, ते बाहेर जायला ती भोकं असतात, ती बंद झाली की खाच भरते आणि पाणी सरळ आत पलंगावर. बिचाऱ्याला वाटलं असेल भोक आहे म्हणजे गळणार! मी टाचणीने एक भोक मोकळं केलं आणि काळपट पाण्याची धार लागली, एवढं पाणी तिथे साठून होतं.

आमचा ट्रेलर १९८४ चा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लायवूड आणि मधे ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांचा कापूस. आत शिरलेलं पाणी त्या ग्लासवूलमधे बसून राहतं आणि लाकूड कुजत जातं, बाहेरून काही दिसत नाही. मागच्या खिडकीखालची पट्टी मी बोटाने दाबली तर भुगा हातात आला. तेवढा तुकडा कापून नवीन बसवलाय.

खिडकी काढायचं काम तसं सोपं आहे, आतल्या बाजूने एक रिंग असते, तिचे स्क्रू काढले की अख्खी खिडकी बाहेर येते, फक्त बाहेर धरायला एक माणूस हवा (तो तुमचा जावई). मग जुना वाळलेला सील प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा, स्पिरिटने पुसायचं, आणि फ्रेमच्या कडेला सगळीकडून ब्युटाइल टेप लावायची. ही राखाडी रंगाची, मळलेल्या कणकेसारखी मऊ चिकट पट्टी असते. पत्रा उन्हात ताणतो, थंडीत आखडतो, गाडी चालताना खिडकी हलते, त्या सगळ्याबरोबर ही पण ताणली जाते, म्हणून सुटत नाही. स्क्रू एकदम आवळायचे नाहीत, थोडे इकडचे थोडे समोरचे असं करत करत, कडेने टेप सगळीकडून एकसारखी बाहेर आली की समजायचं बसली, जास्तीची नंतर कापून टाकायची. थंडीत ती कडक होते म्हणून ऊन असेपर्यंत घाई केली, इथे ऑरेगॉनमधे ऑक्टोबरपासून जो पाऊस लागतो तो पार मे पर्यंत.

शेवटी नळीने पाणी मारून बघितलं, आधी खाली, मग हळूहळू वर, म्हणजे कुठल्या उंचीला आत येतं ते कळतं. मी आत टॉर्च घेऊन बसले होते, सगळं कोरडं, फक्त दारावरच्या कोपऱ्यात ओल आली आणि तो दोष खिडकीचा नाहीच, छताच्या सांध्याचा आहे. पाणी दिसतं एकीकडे आणि शिरतं भलतीकडूनच.

म्हणूनच आपल्या मागच्या खोलीबद्दल सांगते. आई म्हणते खिडकीखाली पुन्हा पोपडे धरलेत. बाबा, गवंड्याला प्लास्टर करायला सांगू नका, आधी छज्जा बघायला सांगा. त्याच्या खालच्या कडेला पागोळी तुटायला खाच आहे का, नाहीतर पाणी छज्ज्याच्या पोटाने सरकत भिंतीवर येतं. आणि खिडकीच्या खालच्या कट्ट्याला उतार बाहेरच्या बाजूला आहे ना तेही बघा. पाऊस पुरता थांबला, भिंत वाळली की मगच काम काढा, आणि आई, तू स्टुलावर चढून बघू नकोस, फोटो काढून पाठव.

जुलैमधे तुम्ही आलात की याच ट्रेलरने क्रेटर लेकला जायचंय, ५९४ मीटर खोल आहे तो, अमेरिकेतला सगळ्यात खोल तलाव. तुमचा पलंग मागच्या खिडकीपाशीच आहे. रात्री तिथे जुलैतही गारठा असतो, तेव्हा बाबांची कानटोपी आणि आईचं लोकरीचं जॅकेट बॅगेत लागेलच. पासपोर्ट रिन्यूचं काय झालं ते कळवा.

तुमची,
ताई