फॅट रोज बघता, तसं गाभण आहे का तेही दुधातच बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातनं लिहितेय. घरी दोन एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाई आणि तीन म्हशी आहेत, ऊस पण आहे, पण उसाचं बिल येणार वर्षातनं एकदा आणि घर चालतं ते डेअरीच्या दहा दिवसाच्या बिलावर. जनावर वेळेत गाभण राहिलं नाही की पुढच्या सगळ्या वर्षाचं गणित चुकतं, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या दिवसात आमची एक गाय भरवली, म्हणजे डॉक्टरांकडनं रेतन करून घेतलं. ती परत उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, खरं तर आम्हाला उलटलेली दिसली नाही, आणि घरात सगळेच म्हणाले राहिली बघा. दिवाळी झाल्यावर डॉक्टरांनी हात घालून तपासली तर मोकळी! माजाचा फेरा साधारण २१ दिवसाचा, म्हणजे मधे तीन वेळा माज येऊन गेला आणि घरातल्या पाच माणसात एकाच्याही ध्यानात आला नाही. माज टिकतो १२ ते १८ तास, बऱ्याचदा रात्रीचा, आणि आमची जनावरं चोवीस तास दावणीला कोब्यावर बांधलेली, ती एकमेकावर चढून माज दाखवणार कशी? म्हशीचं तर विचारूच नका, उन्हाळ्यात मुका माज, ना ओरडणं ना सोट (माजाचा चिकट स्राव). अडीच महिने गेले, पेंड आणि वाडं खाऊन गाय तशीच, आणि दूध रोज कमी कमी होत चाललेलं.

नंतर कळलं की हीच गोष्ट बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी दुधातनं कळली असती. प्रोजेस्टेरॉन म्हणून एक हार्मोन असतं. जनावर माजावर असताना ते अगदी कमी असतं, माज उतरून बीज सुटलं की अंडाशयावर एक पिवळा गोळा तयार होतो तो हे हार्मोन सोडतो, गाभण राहिली तर गोळा टिकतो आणि हार्मोन चढंच राहतं, नाही राहिली तर गोळा विरघळतो आणि विसाव्या-एकविसाव्या दिवसापर्यंत हार्मोन खाली येतं. हे रक्तात असतं तसं दुधातही उतरतं. म्हणून भरवल्यावर २२-२३ दिवसांनी दूध तपासलं आणि हार्मोन कमी निघालं तर गाय राहिली नाही हे जवळजवळ पक्कं, लगेच लक्ष ठेवून परत भरवता येते. जास्त निघालं तर राहिली असण्याची शक्यता मोठी, पण ते शंभर टक्के धरू नये, गर्भाशयात पू असेल किंवा पुढं गर्भ गेला असेल तर फसायला होतं. त्यामुळं दोन-तीन महिन्यांनी हात घालून तपासणी करायचीच आहे.

मला याहून मोठा फायदा भरवायच्या दिवशीच्या तपासणीत वाटतो. काही गाभण जनावरं पण माज दाखवतात. आमच्या शेजारची म्हस अशीच ओरडायला लागली, म्हणून परत भरवली आणि चार दिवसात गाभडली, गर्भ पडला. त्या दिवशी दूध बघितलं असतं तर हार्मोन चढं दिसलं असतं आणि कोणी नळी आत घातलीच नसती. आणि व्यालेली गाय दोन-अडीच महिने झाले तरी माजावर येत नाही तेव्हा दहा दिवसाच्या अंतरानं दोन सॅम्पल घ्यायचे, दोन्ही कमी आले तर अंडाशयच झोपलंय, म्हणजे खाणं, मिनरल मिक्श्चर, जंत हे बघायला लागेल, एक जरी जास्त आला तर फेरा चालू आहे, माज आपल्या नजरेतनं सुटतोय. माजावर आणायचं जे इंजेक्शन सर्रास मारतात त्यातलं एक तो पिवळा गोळा असेल तरच काम करतं, आणि तेच गाभण जनावराला दिलं तर गर्भ पडतो. न तपासता मारायची गोष्ट आहे का ही?

गावात हार्मोन म्हटलं की बायका घाबरतात, दुधात काही मिसळणार का म्हणतात. काही मिसळायचं नाही, जनावराला टोचायचं नाही, फक्त थोडं दूध बाटलीत घ्यायचं. एकच पथ्य, हे हार्मोन फॅटमधे विरघळतं आणि शेवटच्या धारेला फॅट जास्त हे आपल्याकडं पोराटोराला माहीत आहे, म्हणून सॅम्पल दर वेळी एकाच पद्धतीनं घ्यायला पाहिजे, आणि म्हशीच्या दुधाला गाईचं माप लावून चालणार नाही.

डेअरीतल्या फॅटच्या मशीनवर हे दिसत नाही, कारण मोजायचं असतं नॅनोग्रॅममधे, एका ग्रॅमचा अब्जावा भाग. त्याला वेगळं किट किंवा लॅब लागते. पण इंग्लंडात १९७० च्या दशकातच दूध तपासून गाभण आहे का सांगायची सोय शेतकऱ्यांना झाली, आणि आता परदेशात धार काढता काढताच हे मोजणारी यंत्रं आहेत. आमच्या जिल्ह्याचा गोकुळ दूध संघ १९६३ पासून उभा आहे, वारणा दूध संघ आहे, गावोगाव संस्था आहेत, रोज दोन वेळा प्रत्येक घरचं दूध तिथं जातंच. तेवढ्या दुधातलं थोडं तालुक्याच्या एका लॅबपर्यंत नेणं अवघड नाही. दोन्ही संघांनी आणि जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागानं बसून निदान एका तालुक्यात हे चालू करून बघावं, किटचा निम्मा खर्च आमच्या बिलातनं कापून घेतला तरी चालेल, एक रिकामा फेरा त्याच्यापेक्षा महाग पडतो.

आमची दुसरी गाय परवा भरवली आहे. बाविसाव्या दिवशी सकाळच्या धारेचं सॅम्पल मी स्वतः आणून देते, फक्त कुठं द्यायचं ते कोणीतरी सांगा.

आपली,
एक दूध उत्पादक, करवीर तालुका