बाबांच्या स्टेंटबद्दल

दादा,

काल फोन ठेवला पण झोप काही लागेना म्हणून लिहायला बसले. डॉक्टर म्हणाले मेंदूतली नस सत्तर टक्क्यांच्या वर चोंदलीय, स्टेंट टाकू, आणि तू लगेच तयार झालास, कारण गल्लीतल्या काकांची गुठळी तारेने काढली आणि ते चालायला लागले. पण ते वेगळं रे. त्यांची नस अचानक बंद पडली होती, त्यात गुठळी ओढून काढायचा फायदा २०१५ मध्ये एकामागोमाग पाच ट्रायल्समध्ये दिसलाय. बाबांचा हात दहा मिनिटं लुळा पडला आणि परत आला, त्यांची नस अरुंद आहे, बंद नाही.

नेमक्या अशाच पेशंट्सवर इथे अमेरिकेत सॅम्प्रिस ट्रायल झाली. ४५१ जण, निम्म्यांना स्टेंट आणि गोळ्या, निम्म्यांना नुसत्या गोळ्या पण कडक शिस्तीत. २०११ मध्ये नवीन पेशंट घेणंच थांबवलं, कारण पहिल्या ३० दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यू स्टेंटवाल्यांत १४.७ टक्के आणि गोळ्यांवाल्यांत ५.८. मेंदूच्या नसा बारीक, स्टेंट फुगवताना आतला मळ सरकून बाजूच्या केसासारख्या फांद्यांची तोंडं बुजतात, कधी रक्तस्राव होतो. नंतर चीनमध्ये अनुभवी डॉक्टर आणि पेशंट निवडून करून बघितलं, २०२२ चा निकाल, तेव्हा तोटा दिसला नाही पण फायदाही नाही. हां, २०२४ मध्ये तिकडूनच स्टेंटशिवाय नुसता फुगा हळू फुगवायचा निकाल चांगला आलाय, म्हणजे गोळ्या घेऊनही परत झालं तर विचारता येईल. पण आधी गोळ्या नीट घेऊन तर बघूया ना.

आणि त्याच तर नीट होत नाहीयेत! व्हिडिओ कॉलवर डबीतल्या बुधवारच्या खणात दोन गोळ्या तशाच दिसल्या मला, शुक्रवार होता. सॅम्प्रिसमध्ये ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल, म्हणजे गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळी, ९० दिवस, वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली, वरचं बीपी १४० च्या आत आणि शुगरवाल्यांना १३०, वर तंबाखू बंद. बाबांना शुगर आहे, म्हणजे १३०. आईला सांग चंची लपवून नाही चालणार, टाकूनच दे.

सोमवारी डॉक्टरांना एवढंच विचार, गोळ्यांवर किती दिवस थांबून बघता येईल. ते चिडणार नाहीत, आणि त्यांना न विचारता कुठलीच गोळी बंद करू नकोस. परत हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर घड्याळ बघ आणि सरळ हॉस्पिटल गाठ, मला फोन नंतर.

रोज रात्री बीपीचा आकडा पाठव.

तुझी
छोटी