रजा जुन्या नोकरीची, हजेरी नव्या नोकरीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राजीनामा देऊन शिल्लक रजेवर गेलेला कर्मचारी रजा संपण्याआधीच दुसरीकडे रुजू झाल्याबद्दल आपल्या दैनिकात नुकतेच एक वाचकपत्र आले होते. पत्रलेखकाने या प्रकाराला सरळ विश्वासघात म्हटले असून अशा माणसाचा रजेचा पगार कापून घ्यावा, असेही सुचवले आहे. मी 31 वर्षे एका कारखान्याच्या आस्थापना शाखेत काम केले. रजेचे अर्ज, राजीनामे, कार्यमुक्तीची पत्रे आणि त्यांवरून होणारे रुसवेफुगवे यांतच माझी नोकरी सरली, त्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो. कर्मचाऱ्याची यात चूक असते हे खरे. परंतु त्या चुकीची वाट अनेकदा मालकानेच आखून दिलेली असते, आणि त्या पत्रात याचा उल्लेखही नाही.

सर्वांत आधी रजा कोणती, हे विचारले पाहिजे. अर्जित रजा ही नावाप्रमाणेच कमावलेली असते. अमुक इतके दिवस काम केले की एक दिवस, या हिशेबाने ती खात्यावर जमा होते. त्यामुळे ‘पगार मी देतो आणि राबतो तो दुसऱ्याकडे’ ही मालकाची तक्रार ऐकायला रास्त वाटली तरी हिशेबात टिकत नाही, कारण रजेच्या त्या दिवसांचा मोबदला त्या दिवसांच्या कामाचा नसून मागच्या महिन्यांत होऊन गेलेल्या कामाचा असतो. तोच माणूस त्याच दिवशी कार्यमुक्त झाला असता आणि शिल्लक रजेचे पैसे रोख घेऊन गेला असता, तर मालकाच्या खिशातून तेवढीच रक्कम गेली असती आणि कोणी काही बोललेही नसते.

अर्थात रजेला पैशाखेरीज विश्रांतीचाही हेतू असतो आणि जगभरच्या कायद्यांनी त्याचा विचार केलेला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1936 साली पगारी रजेविषयी जो करार केला, त्यात रजेच्या काळात दुसरीकडे पगारी काम करणाऱ्याचा रजेचा पगार काढून घेण्याची तरतूद देशांना करता येईल, असे म्हटले होते. याच विषयावरच्या 1970 च्या सुधारित करारात भाषा मवाळ झाली आणि रजेच्या हेतूशी विसंगत अशा कमाईच्या कामाबाबत विशेष नियम करता येतील, एवढेच राहिले. जर्मनीच्या 1963 च्या रजाविषयक कायद्याचे आठवे कलम रजेच्या हेतूला बाधा आणणारे कमाईचे काम करण्यास स्पष्ट मनाई करते. पण तिथल्याच सर्वोच्च कामगार न्यायालयाने 1988 साली असा निर्णय दिला की ही मनाई मोडली, तरी तेवढ्यावरून मालकाला रजेचा पगार परत मागता येत नाही. नियमभंग हा नियमभंगच, पण कमावलेले वेतन कमावलेलेच, हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘पगार कापा’ म्हणणाऱ्या पत्रलेखकांनी त्याचा जरूर विचार करावा. शिवाय विश्रांती घेऊन ताजेतवाने होऊन माणसाने कामावर परतावे, यासाठी रजा दिली जाते. जो परतणारच नाही, त्याच्या विश्रांतीची काळजी जुन्या मालकाने किती वाहावी, हा प्रश्न मला नेहमीच पडत आला आहे.

आजारपणाची रजा आणि प्रसूती रजा यांची गोष्ट निराळी. त्यांचा पगार किंवा लाभ एका कारणावर उभा असतो, आणि ते कारण नसेल तर तो हक्कही उरत नाही. आपल्याकडच्या 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यातील कलम 18 मध्ये, रजेची परवानगी मिळालेल्या काळात स्त्रीने कोणत्याही आस्थापनेत काम केल्यास त्या काळापुरता लाभ ती गमावते, असे स्वच्छ लिहिलेले होते. अंथरुणाला खिळल्याचे डॉक्टरचे प्रमाणपत्र एका कार्यालयात द्यायचे आणि त्याच सकाळी दुसऱ्या कार्यालयात हजेरी लावायची, याचे समर्थन मी कधीही करणार नाही. माझ्या टेबलावर आलेल्या अशा प्रकरणांत मी कधी दयामाया दाखवली नाही आणि त्याची मला खंतही नाही.

अर्जित रजेवर असलेला माणूसही कागदावरच्या शेवटच्या तारखेपर्यंत जुन्या संस्थेचाच कर्मचारी असतो. तेथील गुपिते सांभाळणे, तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या सेवेत न जाणे ही बंधने रजेवर जाताना कपाटात बंद करून ठेवता येत नाहीत. इंग्लंडमध्ये तर राजीनामा दिलेल्या माणसाला पूर्ण पगार देऊन घरी बसवायचे, पण नोटिशीची मुदत संपेपर्यंत दुसरीकडे जाऊ द्यायचे नाही, अशी पद्धतच पडली आणि तिला ‘गार्डन लीव्ह’ असे नाव मिळाले. या पद्धतीला न्यायालयाचा आधार मिळवून देणारा 1986 मधला गाजलेला खटला योगायोगाने लंडनच्या एका सायंदैनिकाचाच होता. त्याच्या निर्मिती व्यवस्थापकावर एक वर्षाच्या नोटिशीचे बंधन असताना त्याने दोनच महिन्यांची नोटीस देऊन प्रतिस्पर्धी दैनिकाकडे जाण्याची तयारी केली. न्यायालयाने त्याला मनाई केली खरी, पण दैनिक त्या मुदतीत त्याचा पगार चालू ठेवायला तयार होते, हे लक्षात घेऊनच. माणसाला अडवायचे असेल तर त्याचे पोट चालवण्याची जबाबदारीही घ्यावी लागते, एवढे तरी त्या निकालातून आपल्याकडच्या मालकांनी घ्यायला हवे.

सरकारी नोकरीत हा गोंधळ मुळात होऊच नये अशी व्यवस्था आहे. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 मधील तेराव्या नियमानुसार रजेवर असलेल्या, अगदी निवृत्तिपूर्व रजेवर असलेल्या कर्मचाऱ्यालाही पूर्वमंजुरीशिवाय अन्यत्र नोकरी स्वीकारता येत नाही. मात्र दार बंद करताना शेजारची खिडकी उघडी ठेवलेली आहे. रीतसर परवानगीने अर्ज करून दुसऱ्या सरकारी पदावर निवड झालेला कायम कर्मचारी तांत्रिक राजीनामा देतो, म्हणजे सेवा न तुटता केवळ पद सोडतो, आणि जुन्या पदावरचा त्याचा धारणाधिकार, म्हणजे तिथे परतण्याचा हक्क, साधारणपणे दोन वर्षे राखला जातो. म्हणजे जुनी नोकरी पुरती सुटलेली नाही आणि नवी सुरू झालेली आहे, ही स्थिती मुळातच वाईट आहे असे नव्हे. दोन्हीकडे माहिती असेल तर तिला नियमात मानाची जागा मिळते आणि एकीकडे लपवली की तीच गैरवर्तन ठरते.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती बरीच वर्षे मनात आहे. आमच्या कारखान्यातल्या एका तंत्रज्ञाने राजीनामा दिला तेव्हा त्याची 22 दिवसांची रजा शिल्लक होती. त्याने रजेचे पैसे मागितले, तर व्यवस्थापनाकडून उत्तर आले की राजीनामा देणाऱ्याला रजेचे पैसे देण्याची आपल्याकडे पद्धत नाही, हवी असेल तर शेवटच्या दिवसांत रजा भोगून घ्या. वास्तविक 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 79 प्रमाणे नोकरी सोडून जाणाऱ्या कामगारालाही शिल्लक रजेचे वेतन देणे बंधनकारक होते. ते मला पाठ होते. तरीही वरिष्ठांच्या खोलीत मी मान खाली घालून उभा राहिलो आणि बाहेर येऊन त्याला रजेचा अर्ज भरायला सांगितले. तो रजेवर गेला आणि चौथ्या दिवशी दुसऱ्या कारखान्यात रुजू झाला, कारण तिथले लोक आणखी थांबायला तयार नव्हते.

दहाएक दिवसांनी नव्या कारखान्याचे पडताळणीचे पत्र माझ्याच टेबलावर आले. आपला हा कर्मचारी कोणत्या तारखेला कार्यमुक्त झाला, एवढीच विचारणा होती. तो अजून कार्यमुक्त झालेलाच नव्हता. आमच्या अधिकाऱ्यांना त्याच्यावर दुहेरी नोकरीचे कलम लावायचे होते. मी त्यांना दाखवून दिले की त्याच कायद्यातले कलम 60 एका कारखान्यात काम केलेल्या दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम करण्यास मनाई करते आणि हा तर रजेच्या दिवशी आमच्याकडे काम करतच नव्हता. कागदी कसब म्हणून ते बिनतोड होते, पण त्या माणसाला त्याचा उपयोग झाला नाही. मी खरी तारीख कळवली आणि नव्या कारखान्याने त्याची नेमणूक रद्द केली. रुजू होताना ‘पूर्वीच्या सेवेतून मुक्त झालो आहे’ असे त्याने लिहून दिले होते, आणि त्याला भोवले ते हेच वाक्य. रजा शिल्लक आहे एवढे त्याने सांगितले असते तर कदाचित त्यांनी चालवून घेतले असते. पण ते वाक्य लिहिण्याची वेळ त्याच्यावर ज्या ‘पद्धती’मुळे आली, तिचा चौकशीत कोणी उच्चारही केला नाही, आणि त्या कोणांत मीही होतो.

म्हणून माझी पहिली मागणी मालकवर्गाकडे आहे. जो जाणारच आहे त्याला केवळ रजा संपवण्यासाठी हजेरीपटावर लटकवून ठेवू नये. कामाची सोपवणी झाली की त्याला कार्यमुक्त करावे, शिल्लक रजेचे पैसे द्यावेत आणि त्याच दिवशी पत्र हातात ठेवावे. वेतन संहिता, 2019 च्या कलम 17 मध्ये राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करण्याची तरतूद आहे. ‘हिशेब व्हायला दोन महिने लागतील’ हे आस्थापना शाखांचे आवडते वाक्य तिच्याशी कसे जुळते, ते ज्याचे त्याने पाहावे. नोटिशीच्या काळात रजा मुळीच मिळणार नाही, घेतली तर तेवढी नोटीस वाढेल, असे नियम करणाऱ्यांनी निदान त्या रजेचे पैसे तरी अडवू नयेत. दोन्ही दारे बंद केली की माणूस भिंतीवरून उडी मारतो आणि मग आपण त्याला चोर म्हणतो.

जर्मन कायद्यातली आणखी एक तरतूद आपल्याकडे सहज उचलण्याजोगी आहे. नोकरी संपताना मालकाने त्या वर्षात किती रजा दिली आणि किती रजेचे पैसे दिले, याचे प्रमाणपत्र कर्मचाऱ्याला द्यावे लागते, जेणेकरून नव्या ठिकाणी तीच रजा पुन्हा मागितली जाऊ नये. आपल्या कार्यमुक्तीच्या पत्रात ‘त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे वाक्य न चुकता असते, पण रजेचा आकडा क्वचितच असतो. तो घालायला एक ओळ पुरते.

कर्मचाऱ्यांना मी एवढेच सांगेन की लपवून आता निभत नाही. भविष्य निर्वाह निधीसाठी 2014 पासून प्रत्येकाला एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागला. त्यामुळे जुन्या ठिकाणची सोडल्याची तारीख नव्या ठिकाणच्या रुजू होण्याच्या तारखेनंतरची असेल, तर ते एकाच पडद्यावर दिसते आणि पुढे निधी वर्ग करताना किंवा निवृत्तिवेतनासाठी सेवा मोजताना खुलासे देत बसावे लागते. वर्षभराचा आयकर कापण्यासाठीही नव्या मालकाला जुन्या पगाराची माहिती लागतेच. तेव्हा रुजू होण्याची तारीख ठरवण्याआधी जुन्या कार्यालयाला अर्ज द्यावा की माझी अमुक दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे, तिचे पैसे देऊन मला अमुक तारखेला मुक्त करावे, अन्यथा रजेच्या काळात दुसरीकडे रुजू होण्यास लेखी संमती द्यावी. त्याची पोच घ्यावी आणि नव्या कार्यालयात ती प्रत आपणहून दाखवावी. संमती नाकारली गेली तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलावी. नवे लोक त्यासाठी कुरकुरतील, पण एखादा आठवडा थांबण्याची त्यांची तयारी आहे की नाही, हे नोकरी स्वीकारण्याआधीच कळलेले बरे.

आमच्या त्या तंत्रज्ञाला पुढे दुसरीकडे काम मिळाले. त्याच्या 22 दिवसांपैकी रजेवर काढलेल्या दिवसांचा पगार आमच्या कारखान्याने चौकशीचे कारण दाखवून रोखून धरला होता आणि तो सोडवण्यासाठी त्याला चार वेळा खेपा घालाव्या लागल्या. चौथ्या खेपेला धनादेश मीच त्याच्या हाती दिला. त्याने सही केली, रक्कम दोनदा तपासली आणि माझ्याकडे न पाहता तो निघून गेला.

आपला,
एक निवृत्त आस्थापना अधिकारी