उन्हाच्या बातमीत पेशीही येऊ द्या

संपादक महोदय,

मे आला की भुसावळचा पारा रोज पहिल्या पानावर असतो. सोबत तोच सल्ला: ताक प्या, डोक्याला रुमाल बांधा. ठीकच आहे. पण उन्हात पेशी काय करते, हे कोणी सांगत नाही.

फेरुचिओ रितोस्सा हे इटालियन शास्त्रज्ञ फळमाशीच्या लाळग्रंथी तपासत होते. सहकाऱ्याने इन्क्युबेटरचे तापमान चुकून वाढवले आणि गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. शोधनिबंध आधी नाकारला गेला, १९६२मध्ये छापून आला. त्यातूनच पुढे हीट शॉक प्रोटीनचा अभ्यास उभा राहिला. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या विस्कटतात, त्या सावरायला ही प्रथिने धावतात. माणसात तशीच रावेरच्या केळीतही.

ग्लायकोप्रोटीनचा, म्हणजे साखर जोडलेल्या प्रथिनांचा, अभ्यासकही शेवटी हीट शॉक प्रोटीनपाशीच पोहोचतो. पेशीत ग्लुकोज कमी पडले की प्रथिनांना साखरेच्या साखळ्या जोडणे अडते, घड्या चुकतात आणि याच घराण्यातले जीआरपी७८ नावाचे प्रथिन वाढते. उन्हाशी संबंध नसताना! एकेका प्रथिनामागे जीवरसायनशास्त्रज्ञाची उभी हयात जाते.

जळगावात विद्यापीठ आहे, केळी संशोधन केंद्र आहे. तिथल्या अभ्यासकांना उन्हाळ्यात आठवड्याला एक स्तंभ द्याल का? राशिभविष्याची थोडी जागा घेतली तरी चालेल.

– एक निवृत्त शिक्षक, भुसावळ